पूल बंद आहे, पण कधीचा? चालत्या फोनचं नेटवर्क वाट कशी शोधतं

(भागात बोललो तसंच जवळपास लिहिलंय. वाचायला सोपं जावं म्हणून मधले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ तेवढे कमी केलेत.)

इअरफोन लावून पीएमपीच्या बसमध्ये उभे असाल, तर आधी एक हात दांडीला धरा, मग ऐका.

आजचा विषय नेटवर्कचा. पण सुरुवात एका मेसेजपासून करू. पुण्यात पाऊस सुरू झाला की हा मेसेज तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतोच येतो: ‘भिडे पूल पाण्याखाली, डेक्कनकडून येऊ नका, सर्वांना कळवा.’ खाली फोटो. तारीख नाही, वेळ नाही, फोटो कुणी काढला ते नाही. आता पूल खरंच बंद आहे का? आज आहे, की गेल्या वर्षी होता? मेसेज खोटा आहे असं नाही. ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी तो शंभर टक्के खरा होता. फक्त तो शिळा झालाय का, हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

मोबाइल नेटवर्कमधला सगळ्यात अवघड प्रश्न नेमका हाच आहे. आपल्याला वाटतं की राउटिंग म्हणजे जवळचा रस्ता शोधणं. जागेवर बसलेल्या कॉम्प्युटरसाठी ते बऱ्यापैकी बरोबर आहे. पण जिथे सगळे हलतायत, तिथे आधी हे विचारावं लागतं की रस्त्याबद्दलची ही बातमी ताजी आहे का? आणि कुणाकडून काहीच बातमी नसेल, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ काय घ्यायचा? आजचा अख्खा भाग या दोन प्रश्नांवर आहे.

तुमचा फोन कुठे आहे हे नेटवर्कला कसं कळतं?

आधी रोजची गोष्ट. तुम्ही कोथरूडमध्ये, मित्र शेजारच्याच बाकावर. तुम्ही त्याला मेसेज केला. तो मेसेज हवेतून थेट त्याच्या फोनमध्ये जातो का? नाही. तो तुमच्या फोनमधून टॉवरला जातो, टॉवरमधून फायबरने कंपनीच्या यंत्रणेत, तिथून अ‍ॅपच्या सर्व्हरवर. तो सर्व्हर कुठल्याही शहरात असेल. मग सगळं उलट होऊन शेजारच्या बाकावर. ‘वायरलेस’ आहे तो फक्त पहिला आणि शेवटचा टप्पा. मधलं सगळं वायरीने.

मग यात हालचालीचा प्रश्न कुठे येतो? तुम्ही कोथरूडहून निघालात, स्वारगेटला आलात, पुढे कात्रजला गेलात. दरम्यान कुणीतरी तुम्हाला फोन लावला. तो कुठल्या टॉवरवर पाठवायचा?

एक उपाय असा की फोनने टॉवर बदलला की दर वेळी नेटवर्कला कळवायचं. बातमी कायम ताजी राहील, पण लाखो फोन सतत ‘मी इथे, आता मी इथे’ करत बसतील. बॅटरी जाईल आणि हवेतली जागाही भरून जाईल. दुसरा उपाय, काहीच कळवायचं नाही. मग फोन आला की तुम्हाला राज्यभर शोधत बसायचं.

खरं नेटवर्क यातला मधला रस्ता घेतं. बरेच टॉवर मिळून एक विभाग धरतात, त्याला ट्रॅकिंग एरिया म्हणतात. फोन खिशात शांत पडलेला असताना त्या विभागाच्या आत कितीही फिरा, तो काही बोलत नाही. विभाग ओलांडला की मात्र सांगतो. तुम्हाला फोन आला की नेटवर्क त्या विभागातल्या टॉवरवरून हाक मारतं, आणि तुमचा फोन ‘मी इथे’ म्हणून उत्तर देतो. या हाकेला पेजिंग म्हणतात.

यात अजून एक बारीक गोष्ट आहे, ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. फोन विभागातून हलला नाही तरी ठरावीक वेळाने एकदा नेटवर्कला सांगतो की मी आहे. ते सांगणं चुकलं, तर थोडा वेळ वाट बघून नेटवर्क स्वतःच ठरवतं की हा फोन आता पोहोचण्यासारखा नाही. म्हणजे गप्प बसण्याचा अर्थ आधीच ठरवून ठेवलेला आहे.

आता टॉवर काढून टाका

समजा टॉवरच नाहीत. पुरात वीज गेली, बॅकअप संपला, किंवा मुळातच रेंज नसलेली जागा आहे. पण लोकांच्या हातात फोन आहेत आणि प्रत्येक फोनमध्ये रेडिओ आहे. मग फोननेच एकमेकांचे मेसेज पुढे ढकलले तर? तुमचा मेसेज शेजाऱ्याच्या फोनवर, तिथून त्याच्या शेजाऱ्याच्या, असं करत करत पोचेल. याला अ‍ॅड हॉक नेटवर्क म्हणतात. कुणी मालक नाही, कुणी कंट्रोल रूम नाही. प्रत्येक फोन स्वतःच पोस्टमनही आहे.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत लष्करी संशोधनात १९७० च्या दशकापासून यावर काम सुरू होतं. पण लॅपटॉप लोकांच्या हातात आल्यावर प्रश्न साधा झाला: पाच-पन्नास माणसं लॅपटॉप घेऊन एका जागी जमली आणि तिथे वायर नसेल, तर त्यांचं नेटवर्क आपोआप कसं व्हावं?

यावरचा एक गाजलेला पेपर १९९४ मध्ये सिगकॉम परिषदेत आला. लेखक दोन: आयबीएमच्या संशोधन केंद्रातले चार्ल्स पर्किन्स आणि तेव्हा मेरीलँड विद्यापीठात असलेले प्रवीण भागवत. पद्धतीचं नाव डीएसडीव्ही. भारतात मोबाइलवरून पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, म्हणजे हा पेपर त्याच्या आदल्या वर्षीचा. आणि पुण्याचा संबंध असा, की याच प्रवीण भागवत यांनी पुढे एअरटाइट नेटवर्क्स ही वाय-फाय सुरक्षेची कंपनी उभी केली. तिचं इंजिनिअरिंग पुण्यात होतं. नंतर ती मोजो नेटवर्क्स झाली आणि २०१८ मध्ये अरिस्टाने ती घेतली. आपल्याकडे नेटवर्किंगच्या वर्गात डीएसडीव्ही परीक्षेपुरता पाठ होतो, पण त्यातलं एक नाव आपल्या शहराशी जोडलेलं आहे हे सहसा कुणी सांगत नाही.

लक्ष्मी रोडवर अफवा कशी फिरते

डीएसडीव्हीने नेमका कुठला प्रश्न सोडवला? त्यासाठी विसर्जन मिरवणुकीत जाऊ.

अनंत चतुर्दशी. आई मंडईत, दादा बेलबाग चौकात, तुम्ही अलका चौकात. टॉवर जाम. फोनचा पल्ला तेवढा आहे असं धरून चाला, आणि तिघांचे फोन एका रांगेत जोडलेत: तुम्ही, मध्ये दादा, पलीकडे आई. दादाच्या फोनच्या तक्त्यात लिहिलंय, ‘आई: एक टप्पा.’ तुमच्या फोनमध्ये लिहिलंय, ‘आई: दोन टप्पे, दादाकडून.’ प्रत्येक जण आपला तक्ता शेजाऱ्याला अधूनमधून सांगतो. झालं राउटिंग. याला डिस्टन्स व्हेक्टर म्हणतात, इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात हीच पद्धत होती.

आता आई तुळशीबागेच्या गल्लीत शिरली. दादाचा तिच्याशी संपर्क तुटला. दादाचा फोन म्हणतो, माझा रस्ता गेला. तेवढ्यात तुमचा फोन नेहमीप्रमाणे सांगतो, ‘आई माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहे बरं का.’ तुमचा रस्ता दादाकडूनच जात होता, पण दादाच्या फोनला ते कळत नाही. तो खूश होतो: अलका चौकातून रस्ता आहे! दोन आणि एक, तीन टप्पे. तो तसं जाहीर करतो. तुमचा फोन म्हणतो, अरे, दादाकडून तीन झाले, म्हणजे माझे चार. मग दादाचे पाच. तुमचे सहा. आई कुठेच नाही, आणि तुम्ही दोघं एकमेकांच्या जुन्या बातमीवर विश्वास ठेवून आकडा वाढवत बसलाय. आईसाठी निघालेला मेसेज अलका चौक ते बेलबाग चौक हेलपाटे घालतोय.

याला ‘काउंट टू इन्फिनिटी’ म्हणतात. रिप नावाच्या जुन्या प्रोटोकॉलने यावर सरळ तोड काढली: १६ म्हणजेच अनंत. सोळा टप्पे झाले की रस्ता नाही असं समजा. स्थिर नेटवर्कमध्ये तार कधीतरी तुटते, तिथे हे चालून जातं. मिरवणुकीत दर मिनिटाला कुणीतरी गल्ली बदलतं, तिथे कसं चालेल?

पर्किन्स आणि भागवत यांचा उपाय साधा आहे. प्रत्येक बातमीवर एक नंबर टाका. आणि हा नंबर कुणीही टाकायचा नाही, ज्याच्याबद्दल बातमी आहे त्यानेच टाकायचा. आईच्या फोनने आपल्याबद्दलची बातमी सोडताना तिच्यावर शिक्का मारायचा: ९८, १००, १०२, कायम सम संख्या, कायम वाढत जाणारी. बाकीच्यांनी बातमी पुढे न्यायची, टप्पे वाढवायचे, पण शिक्का तोच ठेवायचा.

नियम दोनच. मोठ्या शिक्क्याची बातमी जिंकते, रस्ता लांबचा असला तरी. शिक्का सारखा असेल, तरच कमी टप्प्यांचा रस्ता घ्यायचा. म्हणजे आधी ताजेपणा, मग अंतर.

पुन्हा बेलबाग चौकात चला. आईचा शेवटचा शिक्का १००. संपर्क तुटल्यावर दादाचा फोन स्वतः एक बातमी तयार करतो: ‘आई: अनंत टप्पे, शिक्का १०१.’ विषम संख्या. विषम म्हणजे ही बातमी आईने दिलेली नाही, तिच्याशी संपर्क तुटल्याची खबर तिच्या शेजाऱ्याने दिली आहे. तुमचा फोन सांगतो, ‘माझ्याकडे दोन टप्पे, शिक्का १००.’ दादाचा फोन बघतो, १०० हे १०१ पेक्षा जुनं आहे, आणि सोडून देतो. अफवा तिथेच थांबली. उलट दादाची १०१ तुमच्याकडे आली की तुमचाही जुना रस्ता पुसला जातो.

मग आई कुंटे चौकात बाहेर येते, तिथे तिसऱ्याच फोनला जोडली जाते. तिच्या कानावर येतं की आपण ‘अनंत’ झालोय. तिचा फोन लगेच १०२ चा शिक्का मारून कळवतो, मी आहे, इथे आहे. ही बातमी लांबून फिरून आली तरी सगळे ती घेतात.

त्याच पेपरमध्ये अजून एक शहाणी गोष्ट आहे. नवी बातमी आली की ती लगेच सगळ्यांना सांगत सुटायचं नाही. अशा बातम्या स्थिरावायला साधारण किती वेळ लागतो हे फोन लक्षात ठेवतो आणि तेवढा थांबतो. कदाचित क्षणभरात यापेक्षा बरा रस्ता कळेल. तुटल्याची खबर मात्र थांबवायची नाही, ती ताबडतोब द्यायची. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण नेमकं उलटं करतो, नाही का?

गप्प बसणं ही पण बातमी

आता थोडं गंभीर.

३० जुलै २०१४. आपल्याच जिल्ह्यातलं आंबेगाव तालुक्यातलं माळीण. मुसळधार पावसात सकाळी डोंगराचा कडा गावावर आला. दीडशेच्या वर माणसं गेली. त्या वेळच्या बातम्यांमध्ये नोंद आहे, की बाहेरच्या जगाला ही गोष्ट पहिल्यांदा कळली ती एसटीच्या चालकाकडून. तो नेहमीसारखी बस घेऊन गेला, आणि गाव असायला हवं तिथे चिखल आणि दगड होते.

नेटवर्कचा माणूस म्हणून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याच्यावर संकट येतं तो कळवेल, असं आपण गृहीत धरतो. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक असणार. पण सगळ्यात मोठ्या संकटात कळवणारा कुणी उरतच नाही. तिथून फक्त शांतता येते. आणि शांततेचा अर्थ आधीच ठरवलेला नसेल, तर ती रोजच्या शांततेसारखीच वाटते.

अ‍ॅड हॉक नेटवर्कमध्ये म्हणूनच ‘हॅलो’ नावाचा छोटा संदेश असतो. काही काम नसलं तरी दर थोड्या वेळाने शेजाऱ्याला सांगायचं, मी आहे. दोन-तीन हॅलो चुकले की शेजाऱ्याने समजायचं, काहीतरी झालंय, आणि पुढे कळवायचं. मघाशी सांगितलेली विषम संख्या ती हीच. जो हरवला तो स्वतः सांगू शकत नाही, म्हणून ते सांगण्याची जबाबदारी शेजाऱ्यावर टाकलेली आहे.

त्या दिवशी माळीणसाठी हॅलो होती ती एसटी. कुणी तशी योजना केलेली नव्हती. एक गाडी ठरल्या वेळेला ठरल्या गावाला जाते, एवढ्याच शिस्तीतून ती खबर बाहेर आली. आपण डोंगरातल्या गावांसाठी इशारा देणाऱ्या यंत्रणा बनवतो, सेन्सर लावतो, तेव्हा पहिला प्रश्न हा हवा: या सेन्सरकडून काहीच आलं नाही तर कुणाला कळेल, आणि किती वेळात?

विचारल्यावरच सांगणारी पद्धत

डीएसडीव्हीची एक अडचण आहे. कुणाला मेसेज पाठवायचा असो वा नसो, तक्ते फिरतच राहतात. माणसं वाढली, हालचाल वाढली की हवा तक्त्यांनीच भरते.

म्हणून पुढची पद्धत आली, एओडीव्ही. पर्किन्स, एलिझाबेथ बेल्डिंग-रॉयर आणि समीर दास यांनी लिहिलेलं तिचं अधिकृत टिपण जुलै २००३ चं आहे, आरएफसी ३५६१. यात आधीपासून रस्ते माहीत करून ठेवायचे नाहीत. गरज पडली की हाक मारायची: ‘आईकडे जायचा रस्ता कुणाला माहीत आहे का?’ हाक फोनाफोनाने पसरते. आईपर्यंत पोचली, किंवा पुरेसा ताजा रस्ता माहीत असलेला कुणी भेटला, की उत्तर त्याच वाटेने परत येतं. ‘पुरेसा ताजा’ कसं ठरवायचं? पुन्हा तोच सिक्वेन्स नंबर. पद्धत बदलली, पण शिक्का राहिला.

एओडीव्हीच्या कल्पना आज तुमच्या घरातही असतील. झिगबीवर चालणारे स्मार्ट बल्ब आणि सेन्सर एकमेकांचे संदेश पुढे नेतात, तिथल्या राउटिंगचं मूळ एओडीव्हीत आहे. वाय-फाय मेशचं जे प्रमाणित रूप आहे, त्यातही तीच मुळं आहेत.

आणि भोकही तेच आहे. कुणी खोटारडा फोन खूप मोठा नंबर लावून म्हणाला, ‘माझ्याकडे सगळ्यात ताजा रस्ता आहे,’ तर सगळे त्याच्याकडे मेसेज पाठवतात आणि तो ते गिळून टाकतो. याला ब्लॅक होल हल्ला म्हणतात. शिक्का कुणी मारला हे तपासता येत नसेल, तर नुसत्या शिक्क्याला अर्थ नाही.

मग विसर्जनाला आपण हे का वापरत नाही?

चांगला प्रश्न. विसर्जनाच्या रात्री फोनवर पाचही दांड्या दिसतात आणि एक फोटो जात नाही. कारण दांड्या सांगतात टॉवरचा आवाज तुम्हाला किती मोठा ऐकू येतो. तुमचा आवाज टॉवरला ऐकू येतो का, हे त्या सांगत नाहीत. फोरजीमध्ये बोलणं सुरू करण्यासाठी फोनला आधी हात वर करावा लागतो, आणि एका सेलमध्ये हात वर करण्याच्या खुणा असतात एकूण ६४. दोन फोनने एकाच क्षणी एकच खूण केली की टक्कर. मग दोघंही थांबून पुन्हा प्रयत्न करतात. लक्ष्मी रोडवर हजारो फोन हेच करतायत.

मग टॉवर सोडून थेट फोन ते फोन जावं? अ‍ॅप तर आहेत. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात फायरचॅट गाजलं. २०२५ च्या जुलैमध्ये ट्विटरवाल्या जॅक डॉर्सीने बिटचॅट आणलं, ते ब्लूटूथवरून सात टप्प्यांपर्यंत मेसेज नेतं. छोट्या ग्रुपला, ट्रेकला, वीज गेलेल्या वस्तीत हे उपयोगी आहे.

पण मोठ्या गर्दीत गणित आडवं येतं. पियूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० साली दाखवलं, की अशा नेटवर्कमध्ये माणसं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग कमी होत जातो, साधारण संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. माणसं चौपट झाली की वाटा निम्म्याहूनही थोडा कमी. कारण तुमच्या फोनचा बराच वेळ दुसऱ्यांचे निरोप पोचवण्यात जातो. शिवाय माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि ब्लूटूथ ज्या लहरींवर चालतं त्या पाणी शोषून घेतं. खांद्याला खांदा लागलेल्या गर्दीत पल्ला अजून कमी. आणि बॅटरीचं तर विचारूच नका.

थोडक्यात, टॉवरला पर्याय म्हणून नाही, टॉवर गेल्यावरचा आधार म्हणून हे तंत्र बघा.

वाट नसेल तर वाट बघा

रस्ताच नसेल तर? आत्तापर्यंतच्या सगळ्या पद्धतींमध्ये मेसेज टाकून दिला जातो. पण एक वेगळी शाखा म्हणते, टाकू नका, जपून ठेवा. वाट नसेल तर वाट बघा. तुम्ही चालत राहा, कुणीतरी भेटेल, तेव्हा पुढे द्या.

यातलं एक भारतातलं उदाहरण भारी आहे. साधारण २००३ च्या सुमारास कर्नाटकात डाकनेट नावाचा प्रयोग झाला. एमआयटीच्या संशोधकांनी सरकारी बसवर वाय-फायचं यंत्र बसवलं. बस गावात आली की तिथल्या केंद्रातल्या कॉम्प्युटरमधले अर्ज आणि मेल उचलायची, आणि तालुक्याच्या गावी पोचली की इंटरनेटवर सोडायची. बस हाच केबल! उशीर होतो, पण पोचतं.

तुमचा साधा एसएमएससुद्धा याच स्वभावाचा आहे. समोरचा फोन पोचण्यासारखा नसेल, तर कंपनीच्या केंद्रात तो थांबतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो. शिवाय तो एवढासा असतो, की जिथे फोटो अडकतो तिथून तो निसटून जातो.

आणि एकाच वेळी सगळ्यांना सांगायचं असेल तर सेल ब्रॉडकास्ट. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन अचानक जोरात वाजले होते, स्क्रीनवर चाचणीचा इशारा आला होता, आठवतंय? तो एसएमएस नव्हता. टॉवर एकदाच बोलतो, त्याच्या पल्ल्यातले सगळे फोन ऐकतात. कुणालाच उत्तर द्यायचं नसतं, म्हणून गर्दी असली तरी तो अडत नाही. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन तो इशारा कटकट म्हणून बंद केला असेल, तर आज चालू करा.

मग आपण काय करायचं?

यातल्या तीन गोष्टी उद्यापासून करता येतील, कोड लिहायची गरज नाही.

पहिली, मेसेजवर शिक्का मारा. ‘भिडे पूल बंद’ असं नको. ‘शुक्रवार, सकाळी सव्वानऊ, मी स्वतः नारायण पेठेच्या बाजूने बघितलं, पूल बंद’ असं लिहा. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हा लोकांना हवी होती ती एवढीच माहिती: खडकवासल्यातून आत्ता किती पाणी सोडलंय आणि ‘आत्ता’ म्हणजे किती वाजता. विसर्गाचा आकडा वेळेसकट असेल तरच पुढे पाठवा. आणि शिक्का मारण्याचा हक्क ज्याचा त्याचाच: धरणाचा आकडा जलसंपदा विभागाकडून, पुलाची खबर पुलावर असलेल्याकडून. ऐकीव असेल तर ऐकीव असं लिहा.

दुसरी, जुनी बातमी दिसली की नवा नंबर टाका. नुसतं ‘फेक आहे’ म्हणून भांडू नका, कारण ती बहुतेक वेळा फेक नसतेच, शिळी असते. ‘हा मागच्या वर्षीचा फोटो, आज दहा वाजता पूल चालू आहे’ एवढं लिहिलं की मोठा नंबर जिंकतो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, गप्प बसण्याचा अर्थ आधी ठरवा. पावसाळ्यात राजगडला, हरिश्चंद्रगडाला, अंधारबनला जाताय? घरी नुसतं ‘रेंज नसेल, काळजी करू नका’ म्हणून निघू नका. असं सांगा: ‘संध्याकाळी सहापर्यंत पायथ्याला येऊन फोन करतो. आठपर्यंत आला नाही, तर या नंबरवर गावात फोन करा, आणि तिथूनही काही कळलं नाही तर ११२ ला.’ आणि तुम्ही स्वतः अडकलात तर लक्षात ठेवा, ११२ लावताना आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून कॉल लागू शकतो. एकटं राहणाऱ्या आजी-आजोबांसाठीही असंच. रोज सकाळी एक ‘गुड मॉर्निंग’चा फुलांचा फोटो येतो ना, ज्याला आपण हसतो? तो त्यांचा हॅलो आहे. एखाद्या दिवशी आला नाही, तर फोन करा.

आजचं एवढंच. तुमच्या गावात, वाडीत, ट्रेकच्या ग्रुपमध्ये रेंज नसताना निरोप कसा पोचवतात, ते मला व्हॉइस नोटवर कळवा. सुरुवातीला तारीख, वेळ आणि जागा सांगायची, हे आता वेगळं सांगायला नको. पुढच्या भागात जीपीएसबद्दल बोलू: रिक्षावाल्या काकांना माहीत असलेला बोळ मॅपला का सापडत नाही. तोवर काळजी घ्या, आणि मेसेज पुढे पाठवण्याआधी त्यावरची तारीख बघा. भेटू!